बाकावरचे पाच

आमच्या ड्रिलमास्तरांना मी गावातून घालवलं, असं धाराशिवातले दोन-तीन म्हातारे अजून म्हणतात. परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या एकानं भातावर वरण घेता घेता पुन्हा तेच उकरून काढलं. "तू त्या दिवशी बाकावरून उठला असतास, तर ते बिचारे इथंच राहिले असते." मी म्हणालो, "वरण निवतंय तुझं, गप जेव." जेवला तो. मी मात्र तसाच पानावरून उठलो. म्हणून हे लिहितोय. मी माफी मागायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं महायुद्ध चालू होतं. मी बेंबळीचा, कुणब्याचा पोरगा. धाराशिवात मावशीकडं राहून हायस्कुलात शिकायचो. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि मैदानावर दोन्हीची खिचडी. ड्रिलमास्तर हैदराबादचे, पूर्वी फौजेत होते. दाढीला मेंदी, गळ्यात शिट्टी, चाल अशी की मागून बघितलं तर पंचविशीचा गडी वाटावा. त्यांनी शाळेमागच्या मुरमाड पटांगणात दोन खांब रोवले, लोहाराकडून दोन कड्या करून घेतल्या आणि आम्हाला बास्केटबॉल शिकवला. गावात त्याला टोपलीचा खेळ म्हणत. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "टोपलीत चेंडू टाकून काय उगवतं रं?" उगवत काही नव्हतं. पण वर्गात सगळ्यात उंच मी होतो आणि शाळेनं मला कप्तान केलं होतं.

संघात दहा जण. पाच आत खेळायचे, पाच बाहेर बाकावर. बाक वर्गातूनच ओढून आणलेला, एक पाय आखूड, त्याखाली दगड. त्यावर बसणाऱ्यांना आम्ही 'जास्तीचे' म्हणायचो. जास्तीच्यांनी मैदानावर पाणी मारायचं, ओढ्यात गेलेला चेंडू आणायचा, आमचे सदरे सांभाळायचे. मीही त्यांना तसंच वागवलं, ते लपवत नाही. आमचे हेडमास्तर, त्यांना आम्ही सदरसाब म्हणायचो, ते तर उघड बोलायचे, "मुठ्ठी पाच उंगलियों की होती. छटी उंगली का क्या काम?" मास्तर मान डोलवायचे. तेही त्याच मताचे होते तेव्हा.

त्या साली नवरात्र आणि रमजान एकदमच आले. लातूरचा संघ आमच्याकडं खेळायला येणार होता, आणि सामना नेमका सातव्या माळेला. आमच्या पाचांत आम्ही तिघं नवरात्राचे, अनवाणी, दिवसभर पाण्यावर. दोघे रोजेदार, त्यांना तर पाणीसुद्धा नाही. तिघांतला एक तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा, माझा जिगरी. धावण्यात त्याच्या पासंगाला कुणी पुरायचं नाही. दुपारचे चार, उन्हानं मुरूम तापलेला. अर्ध्या खेळापर्यंत आम्ही बारा गुणांनी पुढं होतो. मास्तरांनी आमची तोंडं बघितली आणि विचारलं, "कोई बैठता क्या?"

कोण बसणार? पुजाऱ्याचा मुलगा म्हणाला, "मी बसलो तर लोक म्हणतील, ह्याला देवीचा उपास झेपला न्हाय." ते ऐकून रोजेदारांतला एक म्हणाला, "ये नै बैठा तो मैं कायकू बैठूँ?" झालं! लातूरकर राहिले बाजूला, उपास पहिला बसतो का रोजा पहिला बसतो ह्याचीच लढाई लागली. दुसरीकडं कुठं असा मूर्खपणा घडला असेल असं मला वाटत नाही. आणि मी कप्तान, मी त्यात सगळ्यांच्या पुढं. बाकावर पाच पोरं पोटभर जेवून, ताज्या पायांनी आमच्याकडं बघत बसली होती. त्यातला येरमाळ्याचा एक बुटका पोरगा दोन भाकरी ठेच्यासंगं खाऊन आलेला. येडाईदेवीच्या गावचा असून उपास का नाही, असं विचारलं की म्हणायचा, "आई करती की. एका घरात एक बास झाला."

शेवटच्या दहा मिनिटांत आमचे पाय गेले. चेंडू दिसायचा, पण तिथवर जाववत नव्हतं. पुजाऱ्याचा मुलगा कडीखाली उडी मारायला गेला आणि तसाच तोंडावर आपटला. ओठात दात घुसलेले, डोळे पांढरे. मी त्याला हाका मारतोय आणि तो ओ देत नाही. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. तोंडावर पाणी मारल्यावर त्यानं डोळे उघडले, आणि पहिलं काय विचारावं? "तो रोजेवाला बसला का?"

एकोणीस गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी चेंडू परत ठेवायला मी सदरसाबांच्या खोलीपाशी गेलो, तर आतून त्यांचा आवाज. पुढच्या साली लातूरकडून पुन्हा हार झाली तर मास्तरांची बदली तेलंगणात, असं ते साफ सांगत होते. मास्तर ताठ उभे होते. "जी" एवढंच म्हणाले.

बदली म्हणजे काय, हे आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. मास्तरांची बीबी धाराशिवातच गेली होती. दर्ग्याच्या बाजूला तिची कबर. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, मास्तर मैदानावरून तडक तिकडं जायचे. रुमालात फुलं बांधलेली असायची. लेकरूबाळ नव्हतं. ह्या गावात त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते उचलून संगं नेता येत नव्हतं.

दसरा झाल्यावर मी पुजाऱ्याच्या मुलाची तब्येत बघायला तुळजापूरला गेलो. ओठ सुजलेला, पण बोलणं तसंच. त्याच्या वडलांची देवळात पूजेची पाळी होती, त्यांच्या पाठोपाठ आम्ही गेलो. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे की दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी सिंहासनावर राहत नाही. तिला पलंगावर निजवतात, ती पुनवेपर्यंत निजते. श्रमनिद्रा म्हणतात तिला. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी रिकामं सिंहासन बघून मी तिथंच थबकलो. त्याच्या वडलांना विचारलं, "काका, नऊ दिवस लढून देवी दमती, तर कुणी हसत न्हाय का तिला?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मला वेड लागलंय. "हसायचं काय त्यात? दमली म्हणून निजली. देवीला दमायची लाज न्हाय, अन् तुम्हा टोणग्यांना आलीय व्हय रे? माझं पोरगं तोंड फोडून आणलंत!"

ते बोलणं माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. धाराशिवात आल्या आल्या मी मास्तरांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तरसाब, पुढच्या साली दहाही जण खेळतील. दमला की बाहेर, दुसरा आत." मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या. चकरा मारून आलो आणि पुन्हा तेच म्हणालो. पुन्हा दहा. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "तेरे को मालूम है ना, मेरा क्या जाने वाला है?"

"मालूम आहे. म्हणूनच सांगतोय. पाच जणांवर राहिलात तर नक्की जाल."

मास्तरांनी दाढीवरून हात फिरवला. मग 'हौ' म्हणाले. फौजेतला माणूस, एकदा हौ म्हणाला की मागं फिरणं नाही. नियम त्यांनीच घातले. दमला की त्यानं डोक्यावर पंजा ठेवायचा. पंजा दिसला की बाकावरच्या पहिल्यानं विचार न करता पळत आत यायचं. आणि बाहेर आलेल्यानं पुन्हा आत कधी जायचं? तर सतराचा पाढा एका दमात म्हणता आला तर. मध्ये श्वास तुटला तर बस तिथंच, मग तू कप्तान का असेना. मला हा नियम लई आवडला होता. आपल्यालाच तो पुढं नडणार आहे, हे तेव्हा कुठं कळतंय!

वर्षभर आम्ही तसा सराव केला. पहिल्या महिन्यात डोक्यावर हात ठेवायला एकजण तयार होईना. तेव्हा मीच पहिला ठेवला, न दमता. लोक कुंपणावरून ओरडायचे, "काय रे, घरात मयत झाली का?" हसू दे, म्हटलं. जास्तीच्यांना आत खेळायची सवय लागली, आणि गंमत म्हणजे पाणी मारायला, चेंडू आणायला आता दहांची पाळी लागली. आमच्या पाचांतल्या वकिलाच्या मुलानं घागर उचलायला कुरकुर केली, तर येरमाळ्याचा म्हणाला, "उचल की राजा, घागरीला काय तुझा बाप ठावं हाय?" तो बुटका चेंडू टाकण्यात तयार झाला होता. लांबून टाकायचा, खालून दोन हातांनी, पोतं फेकावं तसा. दिसायला भिकार, पण जायचा आत.

दुसऱ्या साली रमजान नवरात्राच्या आधीच होऊन गेला. सामना दसऱ्यानंतर आला, पुनवेच्या आधी. तिकडं देवी निजलेली आणि इकडं आम्ही दहा जण बिनउपासाचे. सगळं गाव लोटलेलं. सदरसाब खुर्ची टाकून पुढं बसलेले. मास्तर काठाला उभे, आणि त्यांच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर आलेलं. गुरुवार होता.

लातूरकर आडदांड होते, आमच्यापेक्षा दोन-दोन बोटं उंच. पण ते पाचच. पहिल्या दहा मिनिटांतच मी डोक्यावर पंजा ठेवला, आणि गावात हशा पिकला. कप्तान दमला! सदरसाब खुर्चीतून उठले. "मास्टर, ये क्या तमाशा है? अच्छे पाच अंदर रखो!" मास्तर हलले नाहीत. एक आत, एक बाहेर, असं चालू राहिलं. अर्ध्यात आम्ही एक गुणानं मागं. सदरसाबांनी मास्तरांना बाजूला घेऊन काय सुनावलं ते ऐकू आलं नाही, पण मास्तर परत आले ते रुमालाचं टोक खिशात खोचतच. तरी म्हणाले, "चालू रखो."

दुसऱ्या अर्ध्यात लातूरकरांचे पाय जड व्हायला लागले. मागच्या साली आमची जी गत झाली होती, ती आता त्यांची. एकजण गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला तेव्हा मला आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चार मिनिटं राहिली आणि बरोबरी झाली. तेव्हा माझी पाळी आत होती. मी एक लांब धाव घेतली, परत फिरलो, आणि मांडीत पेटका. श्वास छातीत मावेना. मी डोक्यावर पंजा ठेवला. येरमाळ्याचा पळत आत गेला.

मी बाकावर टेकतोय न टेकतोय तोवर सदरसाब माझ्यापुढं. "उठ! आखरी चार मिनट हैं. उस ठेंगू को बाहर निकाल." मी पाढा सुरू केला. सहाव्या घराला दम तुटला. मी म्हणालो, "नाही उठत." सगळ्या गावादेखत, हेडमास्तरांच्या तोंडावर. माझं मलाच नवल वाटलं. तुला शाळेतून काढीन म्हणाले. काढा म्हटलं.

सदरसाबांचं मला काही वाटलं नाही. पण मग मास्तर आले. माझ्यापुढं खाली उकिडवे बसले. तो माणूस कुणापुढं कधी वाकलेला मी बघितला नव्हता. हळूच म्हणाले, "उठ बेटा. मेरे वास्ते. बस चार मिनट."

मी पुन्हा पाढा म्हटला. आठव्या घराला तुटला.

"पाढा म्हणता येईना, मास्तरसाब."

"पाढा गया चूल्हे में!"

"नियम तुम्हीच घातलाय. मी गेलो तर पाय ओढत जाईन, अन् त्या बुटक्याच्या नावाला कायमचा बट्टा लागेल. आज त्याला बाहेर काढलं की ते पाचही जण पुन्हा पाणी मारायला. मी न्हाय उठत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, सांगायला लाज कसली. मला उठायचं नव्हतं असं कुणी समजू नये. जीव नुसता तुटत होता. मास्तर उठले, आणि काठावर जाऊन उभे राहिले.

येरमाळ्याच्यानं त्या चार मिनिटांत एकदा चेंडू टाकला, तो आत गेला. लातूरकरांनी तीन गुण काढले. आम्ही एका गुणानं मागं, आणि अगदी शेवटी चेंडू पुन्हा त्याच्याच हातात आला. त्यानं लांबून, खालून, दोन हातांनी टाकला. चेंडू कडीवर गोल फिरला. सगळं गाव उभं राहिलं. आणि चेंडू बाहेर पडला. बास, एवढंच.

मी उठलो असतो तर? पंगतीतल्या त्या शहाण्याला वाटतं जिंकलो असतो. त्यानं माझी मांडी बघितली नव्हती. आणि समजा, जिंकलोही असतो. मग काय झालं असतं? मूठ पाच बोटांचीच, हे सदरसाबांचं खरं ठरलं असतं, आणि तेही माझ्या हातून.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. मास्तर येडशीच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या मोटारीनं निघाले. एक ट्रंक, एक वळकटी. आम्ही दहाही जण मोटारीपाशी उभे. मागच्या साली हरल्यावर आम्ही पाच जण एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हतो, ते मला तेव्हा आठवलं. येरमाळ्याचा रडून रडून लाल झालेला. मी मास्तरांपुढं गेलो. म्हणालो, "मास्तरसाब, मी माफी मागणार नाही."

"माँगता तो कान के नीचे बजाता," ते म्हणाले, आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात न देता येरमाळ्याच्याच्या गळ्यात घातली.

मोटार सुरू झाली. मास्तर खिडकीपाशी बसले होते, ताठ. मोटार दहा-वीस हात पुढं गेली असेल, तेव्हा त्यांनी दर्ग्याच्या दिशेला बघितलं. मग आमच्याकडं वळले, आणि त्यांनी सावकाश डोक्यावर पंजा ठेवला.

वर्षभराची सवय. येरमाळ्याचा विचार न करता पळत सुटला. पंजा दिसला होता, आत जायचं होतं. त्याच्या मागं पुजाऱ्याचा मुलगा, त्याच्या मागं मी, मग सगळेच. धुरळ्यात मोटारीमागं दहा जण. येरमाळ्याचा खिडकीला हात लावून ओरडला, "मास्तरसाब, जुम्मेरातीची फुलं आमी वाहतो! तुमी बसा!"

मास्तरांनी पंजा खाली घेतला आणि पाठ मागं टेकली. त्यांना टेकून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आम्ही दहा जणांत पाळी लावली. राज्य बदललं, शाळा सुटली, कोण कुठं कोण कुठं गेले, तरी गावात जो असेल तो जायचा. आता आम्ही दोघंच उरलोय. एका गुरुवारी मी, एका गुरुवारी येरमाळ्याचा. मला हल्ली चढ चढताना धाप लागते. लागली की मी दर्ग्याच्या पायरीवर खुशाल बसतो, डोक्यावर हात ठेवून, आणि सतराचा पाढा म्हणतो. लोक बघतात. बघू देत.

त्या पंगतीतल्याला एवढंच विचारायचंय, तू कधी एक फूल तरी नेलंस का रे?